बंदोबस्त संपला, तरी झोप नाही

ताई, तुमचे यजमान रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या पोलीस ठाण्यात हवालदार आहेत. गणपतीचा बंदोबस्त संपल्यापासून ते नीट झोपत नाहीत, मुलांवर खेकसतात आणि परवा ‘यातून एकदाचा सुटलो तर बरे’ असे म्हणाले, असे तुम्ही लिहिले आहे. डॉक्टरांकडे जाण्यास ते शिक्का बसेल या भीतीने तयार नाहीत.

आधी त्यांच्या त्या वाक्याचे बोलू. आजच त्यांना शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारा, की जीव देण्याचे विचार मनात येतात का. असे विचारल्याने तो विचार रुजत नाही. बहुतेकदा माणसाला मोकळे वाटते. उत्तर होकारार्थी आले, तर त्यांना एकटे ठेवू नका आणि सरकारी शस्त्र त्यांच्याजवळ असल्यास ते जमा करून घेण्याविषयी विश्वासातल्या वरिष्ठांशी तत्काळ बोला. बढतीचा विचार त्या क्षणी बाजूला ठेवा. धोका समोर दिसत असेल, तर 112 क्रमांकावर फोन करा.

चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरलेला महामार्ग, विसर्जनाचे घाट, पाठोपाठ नवरात्र आणि 2008 च्या हल्ल्यानंतर वाढलेली सागरी गस्त, अशा सलग रात्रपाळ्यांनी शरीराचे झोपेचे चक्रच मोडते आणि चिडचिड, उदासी त्यातूनच वाढते. याला मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात 2016 मध्ये आठ तासांची पाळी सुरू करून पाहिली गेली. किनाऱ्यावरच्या ठाण्यांनाही तिचा हक्क आहे, असे मला ठामपणे वाटते.

शिक्क्याची भीती खरी आहे. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचे नाव थट्टेत घेण्याची आपल्याकडची सवय मला फार खुपते. पण 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद वगळता डॉक्टर ती परस्पर कोणाला देऊ शकत नाहीत, हे त्यांना समजावून सांगा. तरीही ते तयार नसतील, तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर मराठीतून, रात्री-अपरात्रीही बोलता येते. आधी तुम्ही स्वतःच फोन केलात तरी चालेल. इतके दिवस हे सारे एकटीने सांभाळताना तुमचीही झोप उडाली असणार, तेही तिथे सांगा.