त्या १०५० ग्रॅमच्या बाळाला एक्सक्लूड करू नकोस

प्रिय डॉक्टर,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी राउंडच्या आधी वाचला आणि दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं, फोनवर एवढं सगळं नीट बोलता आलं नसतं म्हणून आता बसून लिहितेय. तुझ्या थीसिसचा सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, बघितला. कांगारू केअरचे तास, म्हणजे बाळ आईच्या छातीशी अंगाला अंग लावून किती वेळ ठेवलं ते, आणि बाळाचं वजन, विषय चांगला आहे, आपल्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, होण्यासारखा आहे. पण पान चारवर तू लिहिलंयस की स्टेबल नसलेली बाळं, जुळी, रेफर केलेली, डामा घेऊन, म्हणजे आपल्या सल्ल्याविरुद्ध घरच्यांनी नेलेली, आणि आई आजारी असलेली बाळं अभ्यासात घेणार नाही. आणि खाली सहज म्हणून लिहिलंस की कालच्या ड्यूटीत १०५० ग्रॅमची मुलगी आली, सीपॅपवर, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवर आहे, आई वरच्या मजल्यावर बीपीसाठी ॲडमिट आहे, म्हणजे ही एक्सक्लूड होईल ना मॅडम? या एका प्रश्नासाठीच हे पत्र आहे खरं तर.

आधी माझं सांगते. माझ्या थीसिसमध्ये एक मुलगा होता, १३०० ग्रॅमचा. कॉलेज कुठलं ते सोड. सव्वीस दिवस आम्ही त्याला जपलं, इन्फेक्शन झालं त्यातून बाहेर काढलं, बोंडल्याने दूध प्यायला लागला तेव्हा सगळ्या वॉर्डला आनंद झाला. डिस्चार्जच्या कार्डावर मीच लिहिलं होतं, पुढच्या आठवड्यात डोळे तपासायला आणणे. पण आईला बसवून समजावून नाही सांगितलं की हे का, आणि उशीर झाला तर काय होतं. ती माहेरी बाळंतपणाला आलेली, इथून सरळ सासरी गेली. पाच महिन्यांनी परत आली, म्हणाली बाळ नजर लावत नाही. दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटलेले होते. आणि माझ्या थीसिसच्या टेबलमध्ये तो मुलगा ‘सर्व्हाइव्ह्ड’च्या रकान्यात आहे, आजही आहे, कारण माझा फॉर्म डिस्चार्जला संपत होता. त्यानंतर कुठलाही रिसर्च वाचताना मी निष्कर्ष शेवटी वाचते, आधी बघते की कोणाला मोजलं नाही.

हे मी एकटीचं दुःख म्हणून सांगत नाहीये, आपल्या सगळ्या विषयाचाच इतिहास असा आहे. १९४० च्या दशकात बाळं ठेवायच्या चांगल्या बंद पेट्या, म्हणजे इनक्युबेटर, आल्या, ऑक्सिजन मुबलक मिळायला लागला, आणि जिथे सगळ्यात उत्तम सोयी होत्या तिथलीच कमी दिवसांची बाळं आंधळी व्हायला लागली, जगभरात साधारण दहा हजार मुलांची दृष्टी गेली त्यात. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनवर संशय घेतला. वॉशिंग्टनला अर्नाल पॅट्झ यांनी कमी आणि जास्त ऑक्सिजन असे दोन गट करून बघितले, तर तिथल्या काही नर्स रात्री हळूच जाऊन कमी गटातल्या बाळांचा ऑक्सिजन वाढवायच्या, बाळाला त्रास होतोय असं वाटून. मला त्या नर्सचा कधी राग आला नाही, मी तिथे असते तर कदाचित मीही तेच केलं असतं. मग १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ हॉस्पिटलांनी मिळून मोठा ट्रायल केला आणि सिद्ध झालं की जास्त ऑक्सिजननेच डोळे जातात. सगळीकडे ऑक्सिजन कमी केला, आंधळेपणा खरंच कमी झाला.

आता नीट लक्ष दे. त्या मोठ्या ट्रायलमध्ये बाळ ४८ तासांचं झाल्यावरच घ्यायचे. म्हणजे पहिल्या दोन दिवसांत जी दगावली ती हिशोबातच नव्हती, आणि श्वासाचा त्रास असलेली बाळं तर तेव्हाच जातात! १९७३ मध्ये केनेथ क्रॉस यांनी हिशोब मांडला की एका बाळाची नजर वाचवताना ऑक्सिजन कमी पडून साधारण सोळा बाळं गेली असावीत. तो त्यांचा अंदाज होता, पण नुसता अंदाज म्हणूनसुद्धा मला अजून झोप येत नाही वाचलं की. आज आपण सॅचुरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९१ ते ९५ मध्ये ठेवायला धडपडतो ना, ते २०१० नंतर मोठे ट्रायल होऊन कळलं की ८५ ते ८९ ठेवलं तर डोळे जास्त वाचतात पण मृत्यू वाढतात. एवढी वर्षं गेली, कारण सुरुवातीला डोळे मोजले आणि मृत्यू नीट मोजले नाहीत.

कांगारूचंही बघ. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाला डॉ. एडगर रे यांनी सुरू केलं, पेट्या कमी आणि एकेका पेटीत दोन-तीन बाळं, म्हणून आईच्या छातीशी बांधलं. आपल्या मुंबईत केईएममध्ये दोन किलोच्या आतल्या २०६ बाळांवर ट्रायल झाला, २००८ मध्ये छापून आला, कांगारूतल्या बाळांचं वजन रोज साधारण २४ ग्रॅमने वाढलं आणि बाकीच्यांचं पंधरा-सोळाने. तुझ्या थीसिसला हा पेपर आधार म्हणून लागेलच. पण वर्षानुवर्षं सगळीकडे नियम एकच होता, बाळ स्टेबल झालं की मगच कांगारू. म्हणजे जी सगळ्यात जास्त दगावतात ती बाळं ना छातीशी गेली ना अभ्यासात आली. मग डब्ल्यूएचओने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथे १ किलो ते १८०० ग्रॅमच्या आतली ३२११ बाळं घेतली आणि अर्ध्यांना स्टेबल व्हायची वाट न बघता जन्मल्यापासूनच कांगारू दिलं, आईची कॉटच एनआयसीयूत, बाळांच्या अतिदक्षता विभागात, आणली. दिवसाला जवळपास १७ तास बाळ छातीशी. २८ दिवसांत मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले, आणि फायदा इतका स्पष्ट होता की ट्रायल मध्येच थांबवावा लागला. २०२१ मध्ये हे छापून आलं. जो गट आपण सगळे ‘अजून स्टेबल नाही’ म्हणून बाजूला ठेवत होतो, त्यातच हे उत्तर होतं गं.

दुसरं, तुझ्या प्रोफॉर्मात, म्हणजे माहिती भरायच्या फॉर्मात, गरोदरपणाचे आठवडे लिहायला एकच चौकोन आहे. ते आठवडे आले कुठून हेही लिही, एलएमपीवरून, म्हणजे शेवटच्या पाळीच्या तारखेवरून, लवकरच्या सोनोग्राफीवरून की बॅलार्डवरून, म्हणजे जन्मल्यावर बाळाला तपासून काढलेल्या अंदाजावरून. आपल्याकडे बाई तारीख सांगत नाही, ती सांगते गौरीच्या वेळी अडचण होती, किंवा होळी झाल्यावर चार दिवसांनी. हे कमी समजू नकोस, त्यावरून तारीख चांगली काढता येते, वॉर्डात एक सणवारांचं कॅलेंडर लटकव. पण ३४ आठवड्यांचं १५०० ग्रॅमचं बाळ आणि ३८ आठवड्यांचं पोटातच वाढ खुंटलेलं १५०० ग्रॅमचं बाळ हे एका ओळीत टाकलंस तर तुझं सगळं गणित कोसळेल.

आठवडे चुकणं किती महाग पडू शकतं ते स्टेरॉइडच्या इंजेक्शनवरून कळतं, बाळ लवकर जन्मणार असेल तर त्याची फुफ्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला देतात ते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या लिगिन्स यांना मेंढ्यांवर काम करताना दिसलं की स्टेरॉइड दिलेलं फार लवकर जन्मलेलं कोकरू श्वास घेतंय, जे जगायलाच नको होतं. १९७२ मध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी आयांवरचा ट्रायल छापला, आणि तरी अमेरिकेत ते सर्रास द्या असं ठरायला १९९४ उजाडलं. मग वाटलं हे खेडोपाडी पोचवू. सहा देशांत मोठा ट्रायल झाला, त्यात आपलं नागपूर आणि बेळगावही होतं, २०१५ मध्ये निकाल आला तर लहान बाळांना फायदा नाही आणि एकूण नवजात मृत्यू उलट थोडे वाढलेले! आयांमध्येही इन्फेक्शन जास्त. ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यातल्या बहुतेकींची बाळं तेवढी लहान निघालीच नाहीत. २०२० मध्ये दुसरा ट्रायल आला, त्यात सोनोग्राफीने आठवडे पक्के केले, हॉस्पिटलात बाळाची बऱ्यापैकी सोय होती, आणि तिथे मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध त्याच जातीचं.

वजनाचं पटकन सांगते. रोज एकाच वेळी, उघडं, फीडच्या आधी, काटा शून्य करून. रजिस्टरमध्ये १५००, १८००, २००० असे गोल आकडे फार दिसायला लागले की समज कोणीतरी अंदाजाने लिहितंय, सिस्टरना ओरडू नकोस, त्यांच्याकडे एका शिफ्टला किती बाळं असतात ते आधी मोज. आणि तुझ्या अभ्यासात एक खाच आहे, जे बाळ तब्येतीने बरं असतं त्यालाच जास्त वेळ छातीशी धरलं जातं, म्हणजे वजन कांगारूने वाढलं की वजन वाढत होतं म्हणून कांगारू मिळालं हे तुला सांगता यायला पाहिजे. म्हणून रोजच्या रोज लिही, बाळ कशावर होतं, ऑक्सिजन, सीपॅप, सलाइन, आणि आई का नव्हती. या ‘आई का नव्हती’च्या रकान्यातच तुझ्या थीसिसचं निम्मं काम होईल असं मला वाटतं. टाके दुखतात, बसायला नीट खुर्ची नाही, सासूला पटत नाही, वॉर्डात पुरुष येतात म्हणून लाज वाटते, घरी मोठं मूल रडतंय. यातलं प्रत्येक कारण दूर करता येण्यासारखं आहे.

आणि फॉलोअप. माहेरचा पत्ता आणि सासरचा पत्ता दोन्ही घे. फोन नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो आणि तो कामावर असतो, म्हणून आजीचा किंवा मामाचाही घे, आणि आशाताईंचा तर घेच. ऊसतोडीवाल्या घरातलं बाळ असेल तर कुठल्या कारखान्याला जाणार, मुकादम कोण, हे विचार. ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या तपासणीला आलंच पाहिजे, फार लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच, आणि लेझर लागणार असेल तर दोन-तीन दिवसांत व्हायला हवं. कार्डावर तारीख लिहून थांबू नकोस, आईकडून ती तारीख बोलवून घे.

गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूतांकडून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेला १९९९ मध्ये छापला. तो पेपर तू वाच, पण वाचताना हे बघ की त्यांनी जन्म आणि मृत्यू मोजले कसे, घरोघरी जाऊन, जे कुठल्याही हॉस्पिटलच्या दारात कधी आलंच नाही ते बाळसुद्धा. आपल्याला तेवढं जमणार नाही पण आपल्या दारातून आत आलेलं एकही बाळ कागदावरून गळू नये एवढं तर जमेल.

म्हणून पान चार बदल. ज्यांच्या वजनाचं विश्लेषण जमणार नाही त्यांना वेगळं ठेव, पण नाव, वजन, आठवडे, काय झालं आणि कधी, हे प्रत्येकाचं लिही, डामा घेऊन गेलेल्यांना सातव्या दिवशी फोन कर. जुळ्यांना तर बाहेर काढूच नकोस. एथिक्स कमिटीला लागणारं पत्र मी देते, तुझ्या गाईड सरांशीही बोलते, त्यांना पटेल.

एक साधी लांब वही घे, आणि पहिल्या ओळीवर त्या १०५० ग्रॅमच्या मुलीचं लिही. तिच्या आईचं बीपी आज कसं आहे ते वरच्या मजल्यावर जाऊन विचार, फिजिशियन हो म्हणाले तर व्हीलचेअर मागव आणि तिला खाली घेऊन ये, तिने अजून बाळ बघितलेलं नसणार. सीपॅपची नळी सांभाळत छातीवर कसं ठेवायचं ते आपल्या मोठ्या सिस्टरना येतं, त्या असतील तेव्हाच कर. किती वाजता ठेवलं ते लिही.

तुझी मॅडम