प्रगती इतकी हळू असताना धीर कसा टिकवायचा?

सहा महिने रोज सराव करूनही फरक दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. दिसत नाही म्हणजे होत नाही, असं नाही. रोज आरशात बघणाऱ्याला आपले केस वाढलेले कुठे कळतात! पहिल्या आठवड्याचं काम जपून ठेवा आणि महिन्यातून एकदाच आजच्या कामाशेजारी ठेवून बघा. रोज मोजाल तर हमखास वैतागाल.

आणि २१ दिवसांत सवय लागते हे ऐकीव गणित सोडा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला (२०१०), तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही दिसलं. मला तरी यातच जास्त दिलासा वाटतो.

शेजारी ठेवूनही फरक दिसला नाही, तर मात्र सरावाची पद्धत बदला.