मेळघाटात वणवा विझवायला प्रथमच जाणाऱ्यास
ज्वाळांकडे धावण्यापूर्वी उतार आणि वारा पाहा. आग चढावरील वाळलेले गवत आधीच तापवत वर झपाट्याने सरकते, म्हणून पेटत्या उताराच्या वरच्या अंगाला किंवा अरुंद घळीत कधीही उभे राहू नका. जळून काळ्या पडलेल्या, निखारे विझलेल्या जागेकडे परतण्याची वाट आधीच हेरून ती सोबत्यांनाही दाखवा. दुपारी वारा फिरला, की मघाशी मंद वाटणारी आगही अंगावर येते. नायलॉनचे कपडे वितळून कातडीला चिकटतात, तेव्हा जाड सुती कपडे आणि चामडी बूटच घाला (उकाड्याची कुरकुर मीही पुष्कळ केली आहे). आग विझल्यावरही बुंध्यातून धुमसणाऱ्या वठलेल्या सागाखाली विसावू नका. तो अचानक कोसळू शकतो.