ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं

प्रश्न : महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो. तेव्हापासून ताशी ८० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. चाकांचं अलाइनमेंट केलं, फरक नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर : अलाइनमेंटने पडणारही नाही. फक्त ब्रेक लावताना स्टिअरिंग हलतं, म्हणजे मी आधी पुढच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या, तपासेन. सीट हादरत असती तर मागचे ब्रेक ड्रम पाहिले असते. लगेच नव्या डिस्क घेऊ नका! हबवरचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा) गंज किंवा कमी-जास्त आवळलेले चाकाचे नटही डिस्क वाकडी फिरवतात. हब साफ करून, नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळून, डिस्क किती डगमगते ते मोजणारं डायल गेज लावायला सांगा. तरीही डिस्क डगमगली तर लेथवर घासून घ्या, पण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीखाली मुळीच नको. आणि कळकळीने सांगतो, घाट खालच्या गिअरमध्येच उतरा, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत.