चढ नव्हे, उतार सांभाळ

प्रिय बाय,

तू विचारलंस, हा खरंच ताण आहे की मीच कच्ची आहे. उत्तर तुझ्याच पत्रात आहे. हॉटेलच्या काउंटरवर ड्यूटीत दात आवळलेले असतात हे रात्री जबडा ठणकायला लागल्यावर कळतं. आईने नुसतं ‘जेवलीस का’ म्हटलं तरी अंगावर जातेस. अंथरुणाला पाठ टेकली की दिवसभराचे गेस्ट डोळ्यांपुढून जायला लागतात. स्कूटरची चावी डिकीत ठेवून डिकी बंद केलीस, तेही दोनदा. हा ताणच आहे. मनाला पत्ता लागण्याआधी तो मान, जबडा, पोट, झोप आणि विसराळूपणा यांत दिसतो, आणि प्रत्येकाची पहिली खूण वेगळी असते. तुझी जबड्याची दिसते. ती ओळखून ठेव, कारण चिडचिडीच्या बरीच आधी ती येते.

‘ताण घेऊ नकोस’ असं तुला बरेच जण सांगतील. त्या सल्ल्याचा कणभर उपयोग नाही. काउंटरवर कोणी आवाज चढवला की काही सेकंदांत ॲड्रेनलिन हे संप्रेरक सुटतं, छाती धडधडते, श्वास वरच्यावर चालतो, स्नायू ताठतात. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक मागाहून वाढतं, साधारण वीस-तीस मिनिटांनी सर्वांत जास्त होतं आणि खाली यायला आणखी वेळ घेतं. निरोगी शरीर असंच वागतं. बिघडतं ते यामुळे, की पहिला चढ उतरायच्या आत दुसरा येतो, त्यावर तिसरा, आणि घरी पोचल्यावर हॉटेलच्या ग्रुपवर चौथा. म्हणून माझं सगळं सांगणं उतरण्याबद्दल आहे.

सात दिवस एक छोटी वही खिशात ठेव. पाच रकाने कर: वेळ, काय घडलं, अंगात कुठे जाणवलं, शून्य ते दहांत किती, आणि अर्ध्या तासाने किती. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आणि नेमका तोच रिकामा राहतो, म्हणून मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लाव. रात्री घरी बसून आठवून लिहू नकोस. तेव्हा ‘आजचा दिवस वाईट गेला’ एवढंच हाती लागतं आणि त्यावर काही करता येत नाही. ज्या नोंदी अर्ध्या तासात आठवरून चारवर आल्या त्या सोडून दे. ज्या आठच्या सातवरच अडकल्या, तिथे काम करायचं.

फ्रंट ऑफिसमधल्या कोणाचीही वही सहसा एकाच जागी भरते: सकाळी अकरा ते दुपारी दोन. चेक-आउट संपलेलं नसतं, चेक-इनवाले मोपा-दाबोळीच्या विमानतळांवरून बॅगा घेऊन लॉबीत बसलेले असतात आणि हाउसकीपिंगकडून रूम साफ होऊन आलेली नसते. इथे नेमकं काय चुकतं ते बघ. आपण म्हणतो, ‘थोड्या वेळात मिळेल, सर.’ वेळ माहीत नसलेला माणूस दर दहा मिनिटांनी उठून काउंटरवर येतो, आणि त्याची प्रत्येक फेरी म्हणजे तुझा नवा चढ. त्याऐवजी साडेदहालाच हाउसकीपिंगला फोन करून रूमनिहाय वेळ विचार, तीत वीस मिनिटं मिळव आणि घड्याळातली वेळ सांग: ‘एक चाळीसला रूम देते.’ उशीर होणार असेल तर एक तीसला तू स्वतः उठून त्याच्याकडे जा. यातल्या निम्म्या फेऱ्या वाचल्या, तरी दुपारची डोकेदुखी कमी झालेली तुला वहीतच दिसेल.

दुसरी जागा ड्यूटी संपल्यानंतरची. घरी फोन येतात, कारण हँडओव्हर अर्धवट असतो. निघण्याआधीची दहा मिनिटं लॉग बुकसाठी राखून ठेव: कोणाचं बिल अडलं आहे, कोणत्या रूमची तक्रार उघडी आहे, लेट चेक-आउट कोणाला कबूल केलं, डिपॉझिट कुठे आहे, आणि प्रत्येकापुढे पुढचं पाऊल कोणी उचलायचं. मग ते पान पुढच्या माणसाला तोंडी वाचून दाखव. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात फिरत राहतं. ते लिहून दुसऱ्याच्या हाती गेलं की डोकं ते सोडतं. त्यानंतर ग्रुप म्यूट करायला तुला अपराधी वाटायचं कारण नाही.

रोस्टरबद्दल, म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकाबद्दल, तू काहीच लिहिलं नाहीस, पण मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. इव्हिनिंग रात्री अकराला सुटते. कळंगुटहून म्हापसा, अस्नोडा करत डिचोलीला पोचायला पाऊण तास तरी जातो. दुसऱ्या दिवशी सातची मॉर्निंग असेल तर झोप जेमतेम पाच तासांची होते. अशा दिवशी कोणताही श्वासाचा व्यायाम पुरा पडत नाही. सुपरवायझरकडे ‘मला त्रास होतो’ म्हणून जाऊ नकोस, ठोस मागणी घेऊन जा: इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग नको, आणि फिरती मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशा क्रमाने असावी. झोपेची वेळ पुढे ढकलणं शरीराला जमतं, मागे ओढणं जड जातं. सोबत एखाद्या सहकाऱ्याशी ठरवलेली अदलाबदल लिहून ने. तयार तोडगा समोर असला की नाही म्हणणं अवघड होतं.

आता श्वास. चार मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. पाच मिनिटं पुरेत. बाहेर सोडताना ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. चुका दोनच होतात. एक, लोक खूप खोल श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि घाबरायला होतं. श्वास नेहमीएवढाच घे, फक्त सावकाश. खांदे वर येत असतील तर जास्त घेते आहेस. दोन, पहिल्यांदा तो भांडणाच्या वेळी करून बघतात आणि ‘जमत नाही’ म्हणून सोडतात. आधी दोन आठवडे, मन निवांत असताना, रोज एका ठरलेल्या वेळी कर. स्कूटर चालवताना मात्र मोजत बसू नकोस.

जबड्यासाठी वेगळा उपाय आहे. काउंटरमागे उभी असताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला लाव. दात आपोआप सुटतात. पायाची बोटं बुटात पाच सेकंद घट्ट आवळ, मग वीस सेकंद सैल सोड, असं तीनदा. गेस्टला काही दिसत नाही.

चहा तोडायला सांगत नाही. पण कॅफिनचं प्रमाण निम्मं व्हायलाच पाच तासांच्या आसपास लागतात, म्हणून इव्हिनिंगला शेवटचा कप पाचच्या आत घे. रिकाम्या पोटी तीन कप झाल्यावर होणारी धडधड आणि काळजीची धडधड सारखीच असते. आधी दोन घास खा आणि मग बघ. दारूचं स्पष्ट सांगते, कारण आपल्याकडे ड्यूटी सुटल्यावर ‘एक घेऊन जाऊ’ फार सहज होतं. तिने झोप पटकन लागते, पण उत्तररात्री मोडते आणि तीन वाजता छाती धडधडत जाग येते. झोपेसाठी दारू हा रस्ता धरूच नकोस. वीसेक मिनिटांत झोप आली नाही, तर उठून मंद दिव्यात बस, डोळे जड झाले की परत जा. घड्याळ बघू नकोस.

सीझन संपला की, चवथीला, गणपतीत, सुट्टी मिळाली की बरं वाटेल, यावर विसंबू नकोस. सुट्टीचा आराम कामावर परतल्यावर काही आठवड्यांतच ओसरतो.

एकदा डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावं का ते विचार. यांच्या कमी-जास्तीने थकवा, धडधड आणि चिडचिड ताणासारखीच दिसते. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, किंवा काम रेटणंच अशक्य झालं, तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेच्या ओपीडीत जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीच्या ड्यूटीवरूनही लागतो. जगणं नको असा विचार आला तर दोन आठवडे मोजायचे नाहीत, त्याच दिवशी सांगायचं: मला, आईला, त्या क्रमांकावर, कोणालाही. छातीत दुखून हात किंवा जबड्याकडे कळ गेली तर ताण म्हणून बसू नकोस, अँब्युलन्ससाठी १०८ लाव.

डिसेंबरचं रोस्टर लागायच्या आत तुझे सात दिवस पूर्ण होतील असं बघ. वहीच्या पानांचे फोटो पाठव, मग सुपरवायझरशी काय बोलायचं ते दोघी मिळून ठरवू.

तुझी,
ताई