पगाराची तारीख नसलेलं काम

"मॅडम, मी करते त्याला घरात कुणी काम म्हणत नाही. परत नोकरी शोधू का?" सांगलीत परतून घरून सल्लागारी करणारे बरेच जण हल्ली हेच विचारतात. त्यांतल्या एकीची ही हकीकत, तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

पुण्याची नोकरी सोडून ती विश्रामबागला सासरी आली. ऑनलाइन मासिकं आणि बातम्यांच्या साइट्सना वर्गणीदार मिळवून देणं आणि मिळालेले टिकवणं, हे तिचं काम. सासरे सहकारी बँकेतून निवृत्त. त्यांचं म्हणणं, "बातम्या मोबाईलवर फुकट मिळतात. पैसे भरतंय कोण?"

न्यूयॉर्क टाइम्सने 2011 मध्ये वाचनाला पैसे लावले आणि आज त्यांचे एक कोटीच्या वर वर्गणीदार आहेत, हे ती घरी सांगून थकली होती. मी म्हटलं, "ते अमेरिकेचं राहू दे. तू काय करतेस ते सांग."

मग ती सावरून बसली. ऑक्टोबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नवे नियम लागू झाले आणि कार्डावरून आपोआप होणारी बरीच नूतनीकरणं अडकली. वाचक नाराज नव्हते, त्यांचे पैसेच कापले जात नव्हते. तिने यादी घेऊन स्वतःहून सोडून गेलेले आणि पेमेंट अडकलेले वेगळे काढले. दुसऱ्या गटाला सवलतीचं आमिष न दाखवता साधं पत्र पाठवलं: तुमचं पेमेंट झालेलं नाही, अंक चालू ठेवतोय, यूपीआयने भरा.

"हेच सासऱ्यांना दाखव," मी सुचवलं. तिने लॅपटॉपवर तो तक्ता उघडून दाखवला. ते म्हणाले, "अगं, रिकरिंगचा हप्ता चुकला म्हणजे खातं बंद झालं असं थोडंच असतं! ही तर वसुली झाली."

मान मिळण्याचा प्रश्न असा बराचसा सुटला. पैशाची काळजी मात्र खरी होती, आणि ती मी हलकी करून सांगितली नाही. तिची बहुतेक कमाई एकाच साइटकडून येत होती, तीही काम संपेपर्यंतच. वर्गणीची घडी एकदा बसली की मालक सल्लागाराला निरोप देतात. म्हणून नूतनीकरणावर लक्ष ठेवण्याचं काम दरमहा ठराविक मानधनावर मागायचं, आणि निम्म्याहून जास्त उत्पन्न एकाकडून येऊ द्यायचं नाही, असं ठरलं. येणारी सगळी फी वेगळ्या खात्यात, आणि तिथून एक तारखेला घरखात्यात ठरलेली रक्कम. नवऱ्याचा पगार चालू आहे म्हणूनच मी हे सुचवलं. तो नसता तर आधी नोकरी धर, असंच सांगितलं असतं.

दोन साइट्सनी मासिक मानधन मान्य केलं, तिसरीने नकार दिला. पुण्याची एक नोकरी अजून खुणावते आहे. त्याचा निर्णय मार्चअखेर, खात्यातली शिल्लक बघून घ्यायचा, असं तिने आणि सासऱ्यांनी मिळून ठरवलं आहे.