खेळाडू मुलीची कादंबरी आणि बारावीनंतरची वाट

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी अकरावी विज्ञानला आहे, जिल्हा पातळीवर कबड्डी खेळते आणि नागपुरातल्या वसतिगृहात राहणाऱ्या एका चढाईपटू मुलीवर कादंबरी लिहिते आहे. त्या कादंबरीत प्रेम आणि जात दोन्ही आल्यामुळे आपण अस्वस्थ आहात, शिवाय तिला पुढे साहित्यच शिकायचे आहे, असे आपण पत्रात कळवले आहे.

सोबत पाठवलेली दोन्ही प्रकरणे मी वाचली. निवड चाचणीच्या वेळी प्रशिक्षक नावे वहीत उतरवत असतात, नायिकेचे आडनाव ऐकताच त्यांचे पेन क्षणभर थांबते आणि कोणी काहीच बोलत नाही. हा प्रसंग फार समर्थपणे उतरला आहे. पुढच्या प्रकरणात मात्र ती मित्राला समतेवर दीड पानाचे भाषण ऐकवते. ते भाषण काढावे, प्रेम काढू नये. आवडत्या मुलाच्या घरी आपल्याला कोणत्या पेल्यातून पाणी मिळेल, हा प्रश्न जिला पडतो, तिच्या प्रेमातून जात वगळता येत नाही. ज्या शहरात १९५६ साली डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तिथल्या मुलीने या विषयावर लिहू नये, असे मला वाटत नाही.

आता पोटापाण्याविषयी. केवळ कादंबऱ्यांवर घर चालवणारे मराठी लेखक फार थोडे आहेत, हे तिला स्पष्ट सांगावे. मात्र शाखा आत्ताच बदलण्याची घाई नको, कारण विज्ञान शाखेतून बारावी झाल्यावरही बी.ए.ला प्रवेश मिळतो. तिथे मराठीसोबत समाजशास्त्र घेतल्यास पत्रकारिता, संपादन आणि अनुवाद या वाटा मोकळ्या राहतात. महाविद्यालयात शिकवायचे असल्यास एम.ए. आणि त्यानंतर सेट किंवा नेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा असा मार्ग आहे.

अभ्यासासाठी कबड्डी सोडायला लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण असते, म्हणून स्पर्धांची प्रमाणपत्रे नीट जपून ठेवावीत. शिवाय ३० सेकंदांच्या चढाईत बोनस रेषेकडे पाय टाकताना खेळाडूच्या मनात काय चालते, हे ती स्वतः मैदानात उतरते म्हणूनच इतके नेमके लिहू शकते. चौदा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी मराठीत असे लेखन कमी आहे.

पुढच्या भेटीला तिला अवश्य सोबत आणावे. तिच्याशी बोलल्याशिवाय विषयांची निवड पक्की करणे मला योग्य वाटत नाही.